बटण दाबून ट्रान्सफॉर्मर निघत नाही

घरच्या ग्रुपवर भाच्याने सगळीकडे फिरणारा एक मजकूर टाकला: "आता डिझाइनला इंजिनिअर नको. ऑप्टिमायझेशनचं नवं तंत्र सर्वांत स्वस्त, म्हणजेच सर्वोत्तम डिझाइन स्वतःच शोधतं." बडोद्यात, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरची डिझाइनं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, गप्प बसवेना.

"नवं तंत्र": अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर गणिताने शोधणं म्हणजे ऑप्टिमायझेशन. त्यातली गणितज्ञ डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ सालची आहे. पुढे.

"स्वस्त म्हणजेच सर्वोत्तम": स्वस्त कोणाला? कारखान्याला, की पुढची पंचवीस वर्षं तो ट्रान्सफॉर्मर चालवणाऱ्याला? तारेचे वेढे तेवढेच ठेवून कोअरचा, म्हणजे मधल्या लोखंडी गाभ्याचा, पत्रा कमी केला की फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) घनता वाढते, त्याबरोबर नो-लोड लॉसही, म्हणजे लोड नसतानाही वाया जाणारी वीज. हा लॉस, पलीकडे दिवा लागो न लागो, वर्षाचे ८७६० तास चालू. नुसते १०० वॅट जास्त गेले तरी वर्षाला ८७६ युनिटं. वाइंडिंगमधला, म्हणजे तारेच्या वेढ्यांमधला, लॉस मात्र लोडच्या वर्गाने बदलतो. निम्म्या लोडला पाव. म्हणून बराच वेळ रिकाम्या राहणाऱ्या शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) आणि तिन्ही पाळ्या चालणाऱ्या कारखान्याला एकच 'सर्वोत्तम' कसा चालेल? वाया जाणाऱ्या वॅटची किंमत किती धरायची, ते आधी माणसं ठरवतात. सॉफ्टवेअरचं काम त्यानंतरचं.

"स्वतःच शोधतं": शोधतं, आणि बहुतेकदा मर्यादेच्या अगदी कडेवर जाऊन बसतं. तेलाची तापमानवाढ ४५ अंशांच्या आत हवी असं लिहा, उत्तर ४४.९९ येईल. कागदावर पास. वाइंडिंग करताना तेलाची वाट जराशी चिंचोळी झाली की टेस्टला नापास. माझं एक युनिट असंच अडकलं होतं. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, मर्यादेच्या आत थोडी मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, मीच लिहिलं नव्हतं. शिवाय ते तारेची जाडी २.८३७ मिलिमीटर सांगणार. ती काय बाजारात मिळते? जवळचं माप घ्यावं, तर तिकडे इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) हलतो.

"इंजिनिअर नको": २००६ मध्ये नासाच्या एसटी५ उपग्रहांवर संगणकाने उत्क्रांत केलेला अँटेना गेला. वाकवलेल्या तारेचा तो वेडावाकडा आकार माणसाला सुचला नसता, कबूल. पण चांगला अँटेना कशाला म्हणायचं, ते माणसांनीच लिहून दिलं होतं.

भाच्याचा लगेच प्रश्न: "मामा, मग तुम्ही सॉफ्टवेअर वापरतच नव्हता?"

रोज वापरायचो. दहा वेगवेगळ्या सुरुवाती देऊन, कारण एकच दिली तर ते जवळच्या खड्ड्यात, म्हणजे आसपासच्यांत बऱ्या उत्तरावर, बसून 'झालं' म्हणायचं; खरा खोल खड्डा दूर असला तरी.