खांदेरीच्या लढाईत तात्या

रविवारी रात्री आमची खांदेरीची लढाई झाली. १६७९ ची, म्हणजे अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर मराठे किल्ला बांधत होते आणि इंग्रज नि सिद्दी तो अडवायला आले होते, ती. पंच मी होतो, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

वॉरगेम म्हणजे मोबाईलवरची बंदूकबाजी असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलावर नकाशा, नकाशावर पुठ्ठ्याची जहाजं, हातात फासे आणि मांडीवर नियमांचं बाड. खेळणारे चार गावांत असले की पंचाने टेबलावर कॅमेरा टांगायचा, सगळ्यांच्या लेखी ऑर्डरी गोळा करायच्या आणि ज्याला जेवढं दिसलं असतं तेवढंच त्याला दाखवायचं. आमच्या मराठी आरमाराचा मायनाक भंडारी पुण्याला असतो आणि दौलतखान ठाण्याला, सिद्दी चिपळूणच्या एका बँकेत आणि इंग्रजांचा कॅप्टन मिंचिन दुबईत. पंच देवगड तालुक्यात. इथे रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते, म्हणून चारही आरमारं पडवीत.

लढाई लावणं सोपं. या चौघांना लढायला लावणं म्हणजे जिवाला ताप. ऑर्डर शुक्रवारपर्यंत द्यायची असते. शुक्रवारी रात्री मायनाकाचा अंगठा येतो. नुसता अंगठा. त्यावरून मी काय समजू, नांगर उचलू की टाकू? सिद्दीला हुरूप यावा म्हणून मी जुन्या वळणाचा खलिता लिहिला, चहाच्या पाण्यात बुडवला, वाळवला, कडा जाळल्या आणि फोटो पाठवला. त्याने विचारलं, "पीडीएफ आहे का?" दौलतखानाची दोन गलबतं बुडाली तेव्हापासून त्याच्या घरचे पाहुणे हलायला तयार नाहीत. हरायला लागलं की माणसाचं नेट जातं. शेवटी नियम केला: ऑर्डर नाही आली तर जहाज नांगरावर. त्या आठवड्यात थळपासून मुंबईपर्यंत एक होडी हलली नाही. खांदेरीवर तटबंदी चढतेय, समोर इंग्रज आणि सिद्दी टपलेले, आणि सगळा दर्या वामकुक्षीत!

तर रविवारी मुख्य लढाई, १८ ऑक्टोबरची पहाट. मराठी आरमार नागावच्या बाजूने निघतं. मी वाऱ्याचा फासा टाकला. सहा. तक्त्यात सहा म्हणजे पश्चिमेचा वारा. तसं जाहीर केलं आणि मागून आवाज आला.

"हो वारो खयसून इलो?"

शेजारचे तात्या. सगळा जन्म तांडेल म्हणून, म्हणजे होडीचा म्होरक्या म्हणून, दर्यात काढलेला माणूस. त्यांच्या घरात रेंज नाही, त्यामुळे मुलाशी बोलायला आमच्या पडवीत येतात. ते बोलणं आटोपून कधीचे माझ्या पाठीशी उभे होते.

"फाशाचो, तात्यानू," मी म्हटलं.

"फाटफटी? ऑक्टोबरात? पच्छिमेचो?" प्रत्येक शब्दाला त्यांचा आवाज एक पट्टी वर. "अरे झिला, फाटफटी मतलय सुटता. जमनीवरसून. खारो वारो दुपारचो. ह्या शाळेतल्या पोरांक म्हायत आसा."

"तात्यानू, खेळ आसा ह्यो."

"खेळ आसा तर वारो खरो घाल मा! खोट्या वाऱ्याक काय पैशे पडतत?"

दुबईहून प्रश्न आला, "कोण बोलतंय रे?" आणि मिंचिनचा कॅमेरा सुरू झाला. मोहीम सुरू झाल्यापासून त्याचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दाढी ठेवलीय.

"ह्यो कोण?" तात्यांनी विचारलं.

"इंग्रज."

"दुबयत?" तात्यांनी खुर्ची ओढली. माझी. "तुजी जहाजा नांगरार कशाक रवली? ते मतलयेर भायर पडतले. तू नांगर उचलीसर तुझ्यार येतले. दोर काप!"

मिंचिनने ऑर्डर दिली: दोर कापतो. तोंडी, तीही ताबडतोब! मग मायनाकाने विचारलं, वारा पडला तर? तात्या खूष. "वारो पडलो की शिडाच्या जहाजाचा लाकूड झाला. तुका वल्ही आसत, तू मार." चिपळूणहून सिद्दी ओरडला, "आणि मी?" तात्या म्हणाले, "तू थांब. तुझो दिवस पुढे हा." हे त्यांना कोणी सांगितलं होतं? पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने खांदेरीशेजारचं उंदेरी बेट घेतलं, ते गुपित मी जपून ठेवलं होतं. मी रात्री जागून लिहिलेलं.

दौलतखानाचे पाहुणे त्याच क्षणी गेले.

लढाई रंगली, हे मी नाकारत नाही. इंग्रजांचं 'डव्ह' शरण आलं, 'रिव्हेंज' तेवढं टिकून लढलं, बाकीची पळाली. म्हणजे इतिहासात झालं तसंच. आणि त्याचं श्रेय कोणाला? जहाजं माझी, इन्व्हर्टर माझा, चहा आमच्या घरचा, तोही दोनदा. फासे तर तात्यांनी बाजूला सारून त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं.

वर मायनाकाचा लांबलचक मेसेज. अंगठेबहाद्दर माणूस, पण मला शहाणपण शिकवायला बोटं बरोबर चालतात. प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्झने हा खेळ फासे आणि तक्त्यांसकट आणला; पण १८७६ मध्ये फॉन व्हेर्दीने ते सगळं बाजूला सारलं आणि अनुभवी पंच सांगेल ते प्रमाण मानलं; सबब, तात्या. अरे, प्रशियाच्या पंचाला लष्कराच्या ऑर्डरी वाचाव्या लागत. तात्यांनी आजवर यातला एक कागद वाचलाय? नकाशाच्या प्रिंटचे पैसे तुम्ही अजून दिले नाहीत, ते फॉन व्हेर्दी देणार आहे का?

मंगळवारीच मिंचिनची ऑर्डर आली. शुक्रवार उजाडायच्या आत! चांगली दोन पानं, सोबत बाणबिण काढलेला नकाशा. वर लिहिलं होतं: "फक्त तात्यांसाठी. पंचाने उघडू नये." तात्यांना मोबाईलवरची बारीक अक्षरं दिसत नाहीत. मला ती पडवीत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावी लागली. मध्येच थांबवून ते म्हणाले, "सावकाश वाच. घाई कसली हा तुका?"