दक्षिण टायरोलचे जर्मन भाषक उपरे नाहीत

उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांच्या सहलीचे फोटो आले की त्याखाली एक मजकूर हमखास फिरतो: ब्रेनर खिंड ही इटलीची निसर्गानेच आखलेली सीमा, तिच्या दक्षिणेच्या दक्षिण टायरोल या इटालियन प्रांतातले जर्मन भाषक ऑस्ट्रियातून येऊन बसलेले, आणि तरी इटली त्यांचे स्वायत्ततेचे लाड पुरवते. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी सीमा. ब्रेनरला पाणलोट दुभागतो, हे खरं. आयझाक नदी तिथून दक्षिणेला बोल्झानोकडे येते, सिल उत्तरेला इन्सब्रुककडे जाते. पण हाच नियम पूर्वेला लावून बघा. टोब्लाखजवळ उगम पावणारी द्रावा इनिखेन गावातून वाहत ऑस्ट्रियात शिरते आणि पुढे डॅन्यूबला मिळते. पाण्यावरून सीमा ठरली असती, तर इनिखेन आज ऑस्ट्रियात असतं. ते इटलीत आहे, कारण पहिल्या महायुद्धानंतर १९१९च्या सेंट जर्मेनच्या तहात विजेत्यांनी रेघ तशी ओढली. त्याआधी कित्येक शतकं खिंडीच्या दोन्ही अंगांना टायरोल हा एकच प्रदेश नांदत होता. घाटाची वाट लोकांच्या येण्याजाण्यानेच पडलेली असते.

उपरेपणाचा आरोप तर इतिहासालाच उलटं टांगतो. १९१०च्या जनगणनेत दक्षिण टायरोलमध्ये इटालियन भाषक जेमतेम ३ टक्के होते. बोल्झानो शहरात ते आज बहुसंख्य आहेत, त्याचं मोठं कारण मुसोलिनीच्या काळात तिथे उभारलेले कारखाने. (त्या कामगारांची नातवंडं-पतवंडंही आता तिथलीच, त्यांनाही कुणी उपरं म्हणू नये.) त्याच राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, थडग्यांवर जर्मन अक्षरं कोरायला बंदी घातली. मुलं चोरून भरणाऱ्या वर्गांत आपली भाषा शिकली. १९३९ साली हिटलर-मुसोलिनी करारानं लोकांसमोर निवड ठेवली: जर्मन राइखमध्ये जा, नाहीतर आपली भाषा-संस्कृती विसरून इथे राहा. सुमारे ७५ हजार माणसांनी घरदार सोडलं. अशांना आगंतुक ठरवणं संतापजनक आहे.

गार्देना आणि बादिया खोऱ्यांतल्या लाडिन भाषकांचा तर त्या मजकुरात उल्लेखही नाही. ते जर्मनही नाहीत, इटालियनही नाहीत.

राहिले लाड. स्वायत्ततेचं वचन इटलीने ५ सप्टेंबर १९४६ला पॅरिसमध्ये ऑस्ट्रियाशी केलेल्या करारात लेखी दिलं होतं. ते पाळलं जात नाही म्हणून ऑस्ट्रियाने १९६०मध्ये हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. मातृभाषेत शाळा, कचेरीत आपल्या भाषेत बोलण्याचा हक्क, भाषागटांच्या प्रमाणात सरकारी नोकऱ्या या गोष्टींना भक्कम आधार मिळाला तो १९७२च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने. त्याची अंमलबजावणी पुरी झाली असं मानून वाद मिटल्याचं ऑस्ट्रियाने जाहीर केलं ते १९९२मध्ये, म्हणजे करारावर सह्या झाल्यानंतर ४६ वर्षांनी.