घाट बंद पडला म्हणजे देव नको म्हणाला का?

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहायला बसले.

आपल्या तरुण संघाची अकरा पोरं आरोग्य शिबिराला निघालीत. गाडी सात तास लेट, त्यामुळे पुढची गाडी चुकली, रात्र प्लॅटफॉर्मवर गेली. आणि आपल्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर मेसेज काय, तर "प्रभूची इच्छा दिसत नाही, मुलांना परत बोलवा." त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. माझी भाची त्या पोरांत आहे. तिचा फोन आला, "मावशी, देव खरंच नको म्हणतोय का गं?"

हे तिच्या मनात कोणी घातलं? आपणच. घरी पंख्याखाली बसून.

२००३ च्या जुलैत मीही अशीच निघाले होते. सातपुड्यात धडगावला शिबिर होतं, तळोद्याहून जीप केली. माझ्या मांडीवर लसींची पेटी, आत चार आईसपॅक. चांदसैली घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागलेली. वर दरड कोसळली होती. पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. फोन नाही, निरोप नाही. वर बाया लेकरं घेऊन वाट बघत असणार, एवढंच डोक्यात. पेटी उघडून बघावीशी वाटे, पण उघडली की गारवा जातो, म्हणून झाकणावर नुसता हात ठेवून प्रार्थना करत होते. प्रभू, दुपारपर्यंत रस्ता मोकळा कर.

नाही झाला.

रात्र एका चहाच्या झोपडीत काढली. तिथली म्हातारी तिच्या पावरी बोलीत काहीतरी सांगत होती, मला अर्धंमुर्धं कळत होतं. तिच्या नातीचा कान वाहत होता. चुलीच्या उजेडात कापसाची वात करून मी तो पुसला, पुन्हा पुन्हा, कोरडा होईपर्यंत. पोरगी आधी रडली, मग माझ्याच मांडीवर झोपली, पेटीच्या जागी.

आता चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहिले की लोकांना पुढचं वाक्य हवं असतं, "त्या कानासाठीच देवाने घाट बंद केला." मी असं कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं. लसी टाकून द्याव्या लागल्या. निम्म्या बाया डोंगर उतरून आल्या होत्या आणि तशाच परत गेल्या होत्या. मी खूप रडले त्या दिवशी. त्या उशिराचं कारण मला आजही ठाऊक नाही. पण त्या रात्री झोपडीत प्रभू माझ्यापाशी होता, हे मात्र मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये काढा, अध्याय सत्तावीस आणि अठ्ठावीस. पौलाला रोमला जायचंय, खुद्द प्रभूने सांगितलंय, तरी चौदा दिवस वादळ, जहाज फुटलं, २७६ माणसं पोहत नाहीतर फळ्यांना धरून मिलिता (आजच्या माल्टा) बेटावर लागली. तिथे तीन महिने मुक्काम. तो काय करत होता? बेटाचा मुख्य असलेल्या पुब्ल्याच्या आजारी बापावर हात ठेवून प्रार्थना करत होता. कुणी म्हणालं का त्याला, परत फिर?

हो, मान्य, त्याच पौलाला आत्म्याने बिथुनियात जाऊ दिलं नव्हतं. पण ते त्याला वाटेवर चालताना कळलं, ग्रुपवर नाही.

आणि आपण नगरकर तरी हे कसं विसरतो? गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे मिशनरी फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले. कलकत्त्याला कंपनी सरकारने निघून जा म्हणून हुकूम काढला. मुंबई गाठली फेब्रुवारी १८१३ मध्ये, आणि तिथेही परत पाठवण्याचाच हुकूम. त्यांनी ती देवाची 'नाही' मानली असती तर? १८३१ मध्ये नगरला काम सुरू झालं ते त्याच मिशनचं. आपल्या पणज्या त्यांच्या शाळांत अक्षरं शिकल्या.

आई-बापांची काळजी मला कळते. रात्रभर स्टेशनवर पोरी आहेत म्हटल्यावर जीव टांगणीला लागतोच, माझाही लागला. मेसेज लिहिणाऱ्या दादांनीही काळजीनेच लिहिलं असेल. मग काळजी वाटते असंच लिहा ना दादा. डबे पाठवा, पैसे पाठवा, रात्री दोनला फोन करून विचारा जेवलात का. आपल्या भीतीवर देवाची सही कशाला?

भाचीला मी एवढंच म्हटलं, "कारण शोधू नकोस. शेजारी कोण बसलंय ते बघ." तर म्हणाली, एक आजी आहेत, पाय सुजलेत, पोरांनी पायाखाली बॅगा रचून दिल्यात.

आत्ता परत फोन केला. अजून दोन तास म्हणे. मी विचारलं, औषधांची पेटी उन्हात नाही ना?

"नाही मावशी, मांडीवर घेऊन बसलेय."