उरलेला प्लॅस्टिक पेंट, फेव्हिकॉल आणि पिकासो

महिनाभरात हा मेसेज मला चार ग्रुपवरून आला. आमच्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर दोनदा. मजकूर साधारण असा: ‘घर रंगवून उरलेला प्लॅस्टिक पेंट फेकू नका. दोन भाग रंग, एक भाग फेव्हिकॉल, थोडं पाणी, झाले आर्टिस्ट अ‍ॅक्रिलिक तयार! दोन्हीत अ‍ॅक्रिलिकच असतं, ट्यूबवाले नावाचे पैसे घेतात. भिंतीवर दहा वर्षं टिकतो तर कागदावर का नाही? पाण्याचा रंग, मुलांनाही सुरक्षित. पिकासोसुद्धा घराचाच रंग वापरायचा.’ खाली जोडलेले हात आणि तीन गुलाब.

मी दर रविवारी घरी मुलांना चित्रकला शिकवते. तिघा पालकांनी विचारलं, “मॅडम, मग ट्यूब आणायच्या की नको?” म्हणून एकदाच लिहून टाकते.

‘दोन्हीत अ‍ॅक्रिलिकच असतं.’ श्रीखंडात आणि पीयूषात चक्काच असतो, पण पीयूष आटवून कोणी श्रीखंड करत नाही. रंग म्हणजे मुळात तीन गोष्टी: रंगद्रव्याची पूड, तिला धरून ठेवणारा चिकट भाग म्हणजे बाइंडर (अ‍ॅक्रिलिक हा त्यातलाच), आणि पाणी. भिंतीच्या रंगाचं काम वेगळं. कमी पैशात मोठी भिंत झाकायची, खालचे डाग दिसू द्यायचे नाहीत. म्हणून त्यात टिटॅनियमची पांढरी पूड आणि जोडीला खडूची भुकटी, टाल्क, चिनी माती असा भरणा असतो. पेंटच्या दुकानात शेड कार्डावरचा नंबर सांगितला की काय होतं ते आठवा. पांढऱ्या बेसचा डबा मशीनखाली जातो, वरून बारीक धारेने चार-दोन रंग पडतात, डबा गदागदा हलतो. फिकट शेडमध्ये खरा रंग लिटरमागे काही मिलिलिटरच असतो. आमच्या माळ्यावरचा ‘आंबा’ शेडचा डबा मी मुद्दाम काढला. वरची जाड साय उलथन्याने बाजूला केली, ढवळला, आणि त्यात ट्यूबमधला निळा घातला. मुलांना कोवळ्या पानाचा हिरवा हवा होता. मिळाला तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा. निळा वाढवला तर दवाखाना जरा गडद झाला, एवढंच. पांढरा आधीच इतका मुरलेला असतो की तो काढायचा कसा? गडद शेडचे डबे याला थोडा अपवाद आहेत, कारण त्यांच्या बेसमध्ये पांढरं फार कमी असतं. पण घरात उरतात ते बहुधा क्रीम आणि पीच.

‘एक भाग फेव्हिकॉल.’ इथे मेसेजवाल्याचं एक म्हणणं मान्य करते. भिंतीच्या मॅट रंगात पूड जास्त आणि बाइंडर कमी असतो. भिंत हलत नाही, त्यामुळे तिथे ते चालतं. कॅनव्हास हलतो. नुसता प्लॅस्टिक पेंट लावलेला कॅनव्हासचा तुकडा सुकल्यावर मी मागून अंगठ्याने दाबला, तर पापडासारखे तडे गेले. फेव्हिकॉल घातलेल्या तुकड्याला गेले नाहीत. म्हणजे बाइंडर वाढवण्याची कल्पना चुकीची नाही, निवडलेला बाइंडर चुकीचा आहे. हा पांढरा गोंद सुकल्यावरही पाणी लागलं की मऊ पडतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच पाणी असतं. तो न तडकलेला तुकडा मी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ठेवला होता. जुलैच्या शेवटी फाइल उघडली तेव्हा चित्राचा कोपरा प्लॅस्टिकला चिकटून निघून आला. शिवाय गोंद घातल्याने आधीच थोडं असलेलं रंगद्रव्य आणखी पातळ झालं, ते वेगळंच. (फेव्हिकॉल बनवणारी कंपनीच फेव्हिक्रिल या नावाने अ‍ॅक्रिलिक रंग निराळे विकते.)

दहा वर्षं टिकतो, म्हणे. बाहेरच्या भिंतीच्या रंगाची ती जाहिरात आहे, आणि भिंत आपण पुन्हा रंगवतो. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा कोड असतो, म्हणजे अल्ट्रामरीनला पीबी 29, टिटॅनियम पांढऱ्याला पीडब्ल्यू 6, आणि उजेडात तो रंग किती टिकेल याची खूणही असते. पेंटच्या डब्यावर फक्त शेडचं गोंडस नाव.

‘मुलांना सुरक्षित.’ हे वाक्य मात्र मला सरळ धोक्याचं वाटतं. पाण्याचा रंग डब्यात नासू नये म्हणून त्यात जंतुनाशकं घालतात. बाहेरच्या भिंतीच्या रंगात बुरशी आणि शेवाळ मारणारी औषधंही असतात. भिंतीवर सुकून बसलेल्या रंगाची गोष्ट वेगळी. पण त्यात मुलांची बोटं तासभर बुडवायची, हे त्या डब्याच्या हिशेबात कधीच नव्हतं. काहींच्या कातडीला या जंतुनाशकांची अ‍ॅलर्जी येते. दुसरं शिसं. घरगुती रंगात 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त शिसं नको हा नियम 2016 साली आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. मेसेजमध्ये ‘जुने डबे शोधा’ असंही लिहिलंय. त्याआधीचा ऑइलपेंट, त्यातही पिवळा, लाल, केशरी, मुलांच्या जवळपासही नको. तो घासूनही काढू नका, धूळ उडते. कलाकारांच्या रंगातही कॅडमियमसारखे विषारी धातू असतात, हे खरं. पण ते ट्यूबवर छापलेलं असतं, आणि मुलांसाठीचे रंग वेगळे मिळतात.

आता पिकासो. हा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो खोटा नाही. पिकासो रिपोलिन नावाचा फ्रेंच घरगुती रंग वापरायचा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये त्याचं 1931 चं ‘द रेड आर्मचेअर’ आहे. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी एक्स-रेने बारीक कण तपासले आणि 2013 मध्ये सांगितलं की त्याने वापरलेला पांढरा रिपोलिनच्याच जातीचा आहे. पण रिपोलिन म्हणजे तेलाचा चकचकीत एनॅमल. आपल्या भाषेत ऑइलपेंट. पाण्याच्या प्लॅस्टिक पेंटशी त्याचं काही नातं नाही. हे चित्र कॅनव्हासवर नाही, लाकडी पॅनेलवर आहे. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने कॅनव्हासवर ओतला तोही एनॅमलच. दोघांनाही त्या रंगाची चकाकी आणि ओघळ हवा होता. माळ्यावर काय उरलंय ते बघून त्यांनी रंग निवडला नव्हता, आणि फेव्हिकॉल तर नाहीच घातला.

‘फेकू नका’ हे मात्र बरोबर. मोरीत तर मुळीच ओतू नका. आपले नाले शेवटी ठाणे खाडीला मिळतात, आणि तिथलं फ्लेमिंगो अभयारण्य 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांत रंगाचे टाकून दिलेले डबे घरगुती घातक कचऱ्यात मोजले होते, ते ओल्या-सुक्यात टाकायचे नाहीत.

आणि भिंतीचा रंग कडक पाठीवर झकास बसतो. प्लाय, हार्डबोर्ड, जुन्या कपाटाचं दार. दोन हात पांढरा प्लॅस्टिक पेंट द्या, सुकला की बारीक पॉलिश पेपर मारा, आणि त्यावर ट्यूबचे रंग वापरून सराव करा. विकायच्या किंवा जपायच्या चित्राला मात्र गेसोच, म्हणजे चित्राखाली द्यायचं खास पांढरं अस्तर. नाटकाच्या नेपथ्यातल्या रंगवलेल्या चौकटींना, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या देखाव्याला, गणपतीच्या मखराला तो उत्तम. तिथे मोठं क्षेत्र झाकायचं असतं आणि प्रेक्षक दहा फुटांवर असतो. म्हणजे भिंतीचंच काम.

ग्रुपवर मेसेज टाकणारे काका परवा लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, “अहो मॅडम, मी फक्त फॉरवर्ड केला. माझ्याकडे तीन डबे पडलेत, घेऊन जाता का?” दोन क्रीम, एक पिस्ता. क्रीमचे सोसायटीच्या मखरासाठी ठेवलेत. पिस्त्याचं झाकण उघडलं तर नासक्या अंड्याचा वास आला. तो आता गच्चीवर मुलांच्या हाताबाहेर, लाकडाच्या भुशात कालवून सुकायला ठेवलाय.