जाडीचा सल्ला, तोही फुकट

जुन्या जीपचा गंजलेला फ्लोअर कापून नवा बसवायचा म्हटलं की मराठवाड्यात पत्रा किलोवर मिळतो आणि सल्ला फुकट. शेजारचे काका ट्रॅक्टर-ट्रॉलीचा दाखला देऊन म्हणतात, "तीन एमएमच टाक, नातवाला पुरंल." वेल्डिंगवाले मामा म्हणतात, "सोळा गेज, डोळे झाकून!" त्यांच्याकडं काच नसल्यामुळं ते खरोखरच डोळे झाकून वेल्डिंग करतात. जालन्याचे पाहुणे म्हणतात, "आमचं गावच लोखंडाचं, तिकडून आणू की." जालना सळईसाठी नावाजलेलं आहे हे खरं, पण सळईचा फ्लोअर होत नाही, खुराडं होतं.

गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप, आणि त्याचा आकडा उलटा चालतो: आकडा वाढला की पत्रा पातळ. त्यात ब्रिटिश मापाचा १६ गेज १.६२६ मिमी आणि अमेरिकन मापाचा १.५१९. म्हणून दुकानात मिलिमीटरच बोलावं, आणि कापलेल्या कडेची बर (उठलेली धार) सोडून जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावावा. त्याच्या वजनकाट्यावरच संशय घेतल्यासारखा दुकानदार बघतो. बघू द्यावं.

आता काकांचा हिशोब. १ मिमी पोलादी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. फ्लोअर दोन चौरस मीटर धरला तर १.२ चा पत्रा १९ किलो, ३ चा ४७. म्हणजे काकांच्या सल्ल्याचं नुसतं वजनच २८ किलो. शिवाय जुनी बॉडी एक मिमीच्या आतबाहेर. तिला ३ मिमी जोडताना करंट जाडाच्या हिशोबानं ठेवला तर पातळ पत्र्याला भोकं पडतात, पातळाच्या हिशोबानं ठेवला तर वेल्ड नुसता वर बसतो. दिसायला झकास, पहिल्या खड्ड्यात सुटा.

मग कंपनीचा पातळ फ्लोअर टिकतो कसा? त्यात दाबून काढलेल्या उभार पट्ट्यांमुळं. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणं वाढतो, १.२ वरून १.६ वर गेलं की जवळजवळ २.४ पट, पण पट्टे मारले तर तेवढं वजन घालायची गरजच उरत नाही. पट्टे नसलेला १.२ चा सपाट पत्रा मात्र पाय ठेवला की डबाक आणि उचलला की डुबूक.

माझा कौल: पट्टे मारून मिळत असतील तर १.२ मिमी सीआर, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत पत्रा; नसतील तर १.६, मग मामा खूश. ३ मिमीचे तुकडे फक्त सीटचे बोल्ट आणि बेल्टच्या जागी, खालून, तळहातापेक्षा मोठे. एचआर, म्हणजे गरम लाटलेला पत्रा, स्वस्त पडतो, पण त्याचा काळा पापुद्रा घासून काढला नाही तर वरचा रंग पापुद्र्यासकट निघतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, गंजत नाही म्हणून घेतलात तर वेल्डच्या जागेचं जस्त आधी ग्राइंडरनं काढा. जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो आणि घरचे डासांना शिव्या घालतात.

कापाकापी सुरू करण्याआधी बॅटरी सोडा, खालून पेट्रोलचा आणि ब्रेकचा पाइप कुठून जातो ते बघा, आणि दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या टाका. या पट्ट्या कोणालाच आवडत नाहीत. पण त्या नसल्या तर फ्लोअर निघाला की बॉडी हलते, आणि नवा फ्लोअर पक्का बसल्यावर कळतं की दार लागत नाही. मग सगळे मिळून बिजागरीला दोष देतात.

पत्र्यावर पत्रा २० ते २५ मिमी चढवा, आतल्या बाजूंना वेल्डिंगला चालणारा प्रायमर मारा. सीओटू वायूच्या वेल्डिंग मशीननं, ०.८ मिमीच्या तारेनं, दोन-अडीच सेंटिमीटरचा टाका इथं, पुढचा लांब तिकडं. सलग ओढलात तर पत्रा तापून पोट काढतो आणि ते पोट हातोडीनं आत जात नाही, शेजारी निघतं. सांधे सीलंटनं भरा, खालूनसुद्धा.

उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून जाड पत्रा मागणारेही भेटतात. सायलेन्सरची उष्णता जाडीला भीत नाही. त्याला खालून हीट शिल्ड आणि वरून इन्सुलेशन लागतं. चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा पत्रा, मात्र दिसायला भारी, एवढीच तिची बाजू. पावसाळ्यात काळ्या रानातली चिकण माती तिच्या नक्षीत अशी बसते की ती काढायला खुरपं लागतं. म्हणून बिननक्षीचा पत्राच ठेवा, सगळ्यात खोल जागी २५ मिमीची भोकं पाडून रबरी बुचं लावा, आणि दोन बुचं जास्तीची आणा. धुणारं पोरगं पहिल्याच दिवशी एक हरवतं.