शिमला ऑफिस आणि जहाजांचे हवामान-संदेश: एक खुलासा

'शिवाजीनगरच्या शिमला ऑफिसच्या मनोऱ्यावर 1875 पासून जहाजांचे वायरलेस हवामान-संदेश थेट यायचे,' असा मजकूर सध्या पुण्यात फिरतोय. हवामान खात्याची ही पुण्यातली वास्तू मला फार प्रिय आहे, म्हणूनच हे लिहितोय.

1875 हे भारतीय हवामान खात्याच्या स्थापनेचं वर्ष. तेव्हा वायरलेस नव्हतंच; मार्कोनीचे प्रयोग 1890च्या दशकातले. खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं 1928 साली, नाव पडलं ते त्यावरून. आणि तो मनोरा घड्याळाचा आहे.

जहाजावरचा संदेश आधी किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात मोर्समध्ये (टिंब-रेषांच्या संकेतलिपीत) उतरवला जाई आणि तिथून तारेने वेधशाळेकडे जाई. त्यात जहाजाचं स्थान, वेळ, हवेचा दाब, वाऱ्याची दिशा आणि जोर, सगळं आकड्यांच्या गटांत बांधलेलं असे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब साधारण डाव्या हाताला असतो. त्यामुळे दोन-तीन जहाजांचे वारे नकाशावर मांडले की वादळाच्या केंद्राचा अंदाज बांधता येई.

'त्यामुळे एकही वादळ सुटत नसे' हे त्याच मजकुरातलं वाक्य मात्र सर्वांत चुकीचं आहे. इशारा मिळाला की जहाजं वादळापासून दूर जात आणि जिथली नोंद सर्वांत हवी, तिथेच नकाशा कोरा राही. पहिला यशस्वी हवामान उपग्रह 1960 साली अवकाशात गेला, तोवर ही अडचण कायम होती.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर कृपया हा खुलासाही पाठवा.