फायबरच्या गाडीची ओळख तिच्या चेसिसवर असते

काल सकाळी आमच्या डॉल्फिनचा चेसिस नंबर कागदावर पूर्ण उमटला. शेवटचा आठ कितीतरी दिवस अर्धाच येत होता. रॉकेलने गंज सोडवला, तारेचा ब्रश अगदी हलक्या हाताने फिरवला, पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी घासली आणि आठाची खालची गोलाई दिसली. मी आणि आमचे फायबरवाले मामा, दोघंही थोडा वेळ काही बोललोच नाही. तीन वर्षं जिच्यावर काम केलं तिची ओळख त्या बोटभर कागदावर होती.

डॉल्फिन म्हणजे बंगळूरच्या सिपानी कंपनीची छोटी गाडी. इंग्लंडमध्ये टॅमवर्थला रिलायंट नावाची कंपनी होती, तिच्या 'किटन' गाडीवरून केलेली. ८४८ सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, ड्राइव्ह मागच्या चाकांना, खाली लोखंडी चेसिस आणि वर सगळी बॉडी फायबरची. दारं दोनच. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० चार दारं घेऊन आली आणि हिच्याकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. फायबरची भीती होतीच. "धडकली तर चुरा होईल," असं आमच्या काकांनी माझ्या वडिलांना सांगितलेलं मला आठवतं. आमच्या घरी तेव्हा डॉल्फिन आली नाही, ती त्याच वाक्यामुळे.

मला मिळाली ती १९८३ ची. निपाणीजवळ एका शेडमध्ये उभी होती, वर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. पत्र्याची गाडी इतकी वर्षं अशी उभी राहिली असती तर बॉडी गळून पडली असती. इथे उलटं होतं. छप्पर, मागची बाजू, आतलं तळ शाबूत. चेसिस मात्र मागच्या स्प्रिंगांपाशी गंजाने पोखरलेली, आणि पुढचं नाक कधीतरी झाडावर आदळून फुटलेलं. बॉनेट नव्हतंच.

चेसिसचं आणि इंजिनचं काम कोल्हापुरातच, उद्यमनगरात झालं. इंजिनचे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, वेट आहेत, म्हणजे त्यांच्याभोवती थेट पाणी खेळतं. सील बसले नाहीत तर पाणी ऑइलमध्ये उतरतं. तिथल्या मिस्त्रींनी ते दोनदा उघडून नीट बसवलं. यापलीकडे इंजिनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. खरं काम बॉडीचं.

मामांचा धंदा पुतळ्यांच्या साच्यांचा. त्यांनी ओळखीच्या एका माणसाच्या गाडीवरून नाकाचा आणि बॉनेटचा साचा काढला. साच्याला मेणाचे हात द्यायचे, त्यावर जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, तो चिकट असतानाच काचतंतूंच्या मॅटचा पहिला थर, रेझिन, आणि मग लोखंडी खाचांचा रोलर फिरवून हवेचा प्रत्येक बुडबुडा बाहेर काढायचा. एक बुडबुडा राहिला तर दोन उन्हाळ्यांनी तिथेच रंगाला तडा जातो. रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून त्यात आधी कोबाल्ट, ते पूर्ण मिसळल्यावरच हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट ओतली तर भडका उडतो. पावसाळ्यात मामांनी कामाला हातच लावू दिला नाही. "ओल धरली की जन्मभर मऊ राहतंय," म्हणाले. नवं नाक जुन्या बॉडीला जोडताना जुन्या कडा आतून चार बोटं तासून उतार केला, त्यावर थरावर थर. काचेची ती भुकटी कोपरापर्यंत टोचायची, आठवडाभर झोप लागायची नाही. आज तो जोड कुठे आहे हे मलाही हाताने चाचपून सापडत नाही.

आणि इथेच कागदांचा प्रश्न आला. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत दिलेली फाइल पहिल्यांदा परत आली कारण जुनं आरसी बुक ऑनलाइन चढलेलं नव्हतं. ते मी समजू शकतो, बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची ऑनलाइन भर, करून घेतली. दुसऱ्यांदा शेरा आला: 'बॉडी बदललेली आहे'. त्यावर माझं ठाम मत आहे, म्हणून ही पोस्ट.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. कलम योग्य आहे, रस्त्यावर कसल्याही जुगाडू गाड्या फिरू नयेत. पण आम्ही फायबरच्या जागी फायबरच घातलं, त्याच आकारात, त्याच मापात. पत्र्याच्या गाडीचं मडगार्ड बदललं तर ती दुरुस्ती आणि फायबरच्या गाडीचं नाक नव्याने ओतलं तर ती नवी बॉडी, हे कसं?

२०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षं पूर्ण झाली की 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. चांगला नियम आहे. पण माझी गाडी त्यात २०३३ मध्ये बसेल, आणि तेव्हाही अट हीच की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. तोवर ती कायद्याच्या नजरेत फक्त जुनी गाडी. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५ पासून दहा हजार झाली, ती मी आनंदाने भरीन. पंधरा ते पन्नास या वयातल्या, महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग करा, तपासणी हवी तितकी कडक ठेवा, एवढीच मागणी आहे.

हिच्या बहिणीच्या देशात बघा. ब्रिटनमध्ये गाडीची जुनी ओळख टिकते का हे ठरवायला वर्षानुवर्षं गुणांची पद्धत होती: चेसिसला पाच, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग प्रत्येकी दोन, इंजिनला एक. आठ गुण लागायचे. स्वतंत्र चेसिसवर बसवलेल्या बॉडीला एकही गुण नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी नियम आणखी सोपे केले. मूळ रूपात केलेली दुरुस्ती आता कळवावीसुद्धा लागत नाही. तिथल्या किटनवाल्याने अख्खं नाक नवं ओतलं तरी त्याची किटन किटनच राहते.

सोमवारी मी पुन्हा आरटीओत जातोय. सोबत नंबरचा छाप, जुनं आरसी बुक, कामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो, आणि फुटलेल्या जुन्या नाकाचा एक तुकडा घेऊन. त्याची आणि नव्याची जाडी साहेबांनी स्वतः मोजून बघावी.

नाकाचा आणि बॉनेटचा साचा मामांच्या शेडमध्ये जपून ठेवला आहे. कुणाकडे डॉल्फिन पडून असेल तर या, साच्याचे पैसे घेणार नाही. आणि कुणाकडे मागच्या काचेचं मूळ रबर असेल तर कृपया कळवा, पहिल्या पावसाच्या आत बसवायचं आहे.